पेशीतली चळत कोण सावरते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आजारी पडले आणि त्यांचा तास सांभाळण्याची पाळी माझ्यावर आली. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. मुलांनी आपापले वाचत बसावे, गडबड करू नये, एवढीच माझी अपेक्षा. पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि पुस्तक उघडून तिने माझ्यासमोर धरले. पानावर पेशीची आकृती होती. केंद्रकाच्या बाजूला, डब्यात पोळ्यांची चळत ठेवावी तशा चपट्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या दाखवल्या होत्या. खाली नाव होते 'गॉल्गी संकुल'.

"सर, ह्या पिशव्या एकमेकींवर राहतात कशा? पेशीत तर बहुतेक पाणीच असतं ना? मग त्या सुट्या होऊन इकडेतिकडे का जात नाहीत?"

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न जीवशास्त्राच्या तासाला विचारलेला असला तरी तो पदार्थविज्ञानाचाच होता. पातळ पडद्याची बंद पिशवी मोकळी सोडली तर ती गोल होऊ पाहते. साबणाचा फुगा चौकोनी का होत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर समजावून सांगतो. मग पेशीतल्या ह्या पिशव्या चपट्या का? आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के चोहोबाजूंनी बसत असताना चळत जागच्या जागी का? "पुढच्या आठवड्यात सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या आठवड्याचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत जे वाचले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

कामिल्लो गोल्जी ह्यांचा जन्म १८४३ साली उत्तर इटलीतल्या कोर्तेनो ह्या डोंगराळ गावी झाला. इटालियन उच्चार 'गोल्जी' असा आहे; आपल्या पाठ्यपुस्तकांत 'गॉल्गी' रूढ झाले आहे, म्हणून आपणही तेच वापरू. गॉल्गी डॉक्टर होते. मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो येथे जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी एक रुग्णालय होते, तेथे ते नोकरीला लागले. संशोधनासाठी जागा नव्हती, साधने नव्हती. त्यांनी रुग्णालयातल्या एका स्वयंपाकघरालाच प्रयोगशाळा केले.

मज्जापेशी पाहावयाच्या तर अडचण अशी, की त्यांच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की सगळे रंगवले तर काहीच कळत नाही. गॉल्गींनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला. शेकडो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या झाल्या. पण ज्या झाल्या त्या मुळापासून शेंड्यापर्यंत, पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढाव्यात तशा. ही 'काळी प्रक्रिया' त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली.

पुढे १८९८ साली पाविया येथे, ह्याच पद्धतीत थोडा फेरफार करून ते गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतल्या पेशी पाहत होते. त्यांना पेशीच्या आत, केंद्रकाभोवती, एक नाजूक जाळे काळे झालेले दिसले. त्यांनी त्याला 'आतील जालिका उपकरण' असे नाव दिले. आज आपण ज्याला गॉल्गी संकुल म्हणतो, ते हेच.

खरे की भास?

ह्यानंतर सुमारे पन्नास वर्षे एक वाद चालला. पुष्कळ शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की हे जाळे पेशीत नसतेच. चांदीसारखी रसायने वापरल्यामुळे मागाहून तयार झालेला तो गाळ आहे, म्हणजे पेशी मारता मारता आपणच निर्माण केलेला भास.

वाद मिटत का नव्हता, हे पदार्थविज्ञान सांगते. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान तपशील साध्या सूक्ष्मदर्शकाला वेगळा दाखवता येत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) म्हणून चांगल्यात चांगल्या भिंगाने दोनशे नॅनोमीटरपर्यंतच मजल जाते. गॉल्गीतल्या दोन पिशव्यांमधली फट असते दहा-पंधरा नॅनोमीटरची! ती दिसावी कशी?

तरंगलांबी कमी करणे, हा एकच उपाय होता. ५०,००० व्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००५ नॅनोमीटर असते, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या लाखाव्या हिश्शाएवढी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि १९५४ साली डाल्टन व फेलिक्स ह्या शास्त्रज्ञांनी गॉल्गी संकुलाची रचना स्पष्ट दाखवली. जाळे नव्हे, चपट्या पिशव्यांची चळत, आणि तिच्या कडांना चिकटलेले बारीक बुडबुडे. आता शंकेला जागा उरली नाही.

ह्या वादात एक गंमत आहे. 'गॉल्गी संकुल हा भास आहे' असे १९४९ साली लिहिणाऱ्यांत जॉर्ज पालाडे व आल्बेर क्लोद ही दोन नावे होती. पुढे ह्याच पालाडे ह्यांनी गॉल्गीचे काम काय, ते जगाला दाखवून दिले आणि १९७४ साली दोघांनाही, क्रिस्तियान द द्यूव ह्यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. आपले मत पुराव्यापुढे बदलण्यात कमीपणा नाही, हे ह्याहून चांगले कोण सांगणार?

तीन मिनिटांची खूण

पालाडे आणि त्यांचे सहकारी जेमीसन ह्यांचा १९६७ सालचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप त्यांनी जिवंत ठेवले. स्वादुपिंडाच्या पेशी पाचक रसांची प्रथिने बनवून बाहेर टाकतात. प्रथिने बनतात अमिनो आम्लांची. त्यांपैकी ल्यूसीन नावाचे अमिनो आम्ल किरणोत्सारी करून त्यांनी पेशींना फक्त तीन मिनिटे दिले आणि मग लगेच साधे ल्यूसीन देऊ लागले. म्हणजे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच किरणोत्साराची खूण राहिली. यात्रेच्या गर्दीत तीन मिनिटे दारातून शिरणाऱ्या माणसांनाच लाल टोपी द्यावी आणि मग त्या टोप्या कुठे कुठे जातात ते वरून पाहावे, तसे.

ठरावीक वेळाने काप काढून, त्यांवर छायाचित्रणाचे द्रव्य पसरून त्यांनी ते अंधारात ठेवले. जेथे किरणोत्सार, तेथे चांदीचा काळा कण. आधी कण दिसले अंतर्द्रव्य जालिकेवर, म्हणजे प्रथिने जेथे विणली जातात तेथे. सुमारे वीस मिनिटांनी ते गॉल्गीच्या परिसरात सरकलेले दिसले. दोन तासांच्या सुमारास ते पेशीच्या टोकाशी, बाहेर पडण्याच्या तयारीत असलेल्या भरगच्च पुटिकांत होते. जालिका, गॉल्गी, पुटिका, आणि मग बाहेर. रस्ता ठरला. पहिल्यांदा गॉल्गी दिसले ते चांदीनेच, आणि त्याचे काम कळले तेही चांदीनेच!

साखरेची शाई

पण ह्या रस्त्यावर गॉल्गीत थांबायचे कशाला? तेथे मालावर खुणा होतात. मोठ्या टपालकचेरीत जशी पत्रे निवडली जातात आणि त्यांवर शिक्के बसतात, तसेच काहीसे. शाई मात्र साखरेची असते. चळतीतल्या प्रत्येक पिशवीत वेगवेगळी विकरे बसलेली असतात आणि ती प्रथिनांना व स्निग्ध पदार्थांना साखरेचे रेणू एकेक करून जोडतात वा तोडतात.

ह्याचा पुरावा तुमच्या अंगात आहे. रक्तगट म्हणजे काय? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळीचे शेवटचे टोक. साखळीला आधी फ्यूकोज नावाची साखर जोडली जाते, तो पाया. त्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन बसले तर गट 'ए', गॅलॅक्टोज बसले तर 'बी', दोन्ही बसवणारी विकरे असली तर 'एबी' आणि काहीच बसले नाही तर 'ओ'. 'ए' व 'बी' गटांची विकरे जवळजवळ सारखीच आहेत; फरक आहे तो शेकडो अमिनो आम्लांपैकी अवघ्या चारांचा. ही विकरे काम करतात गॉल्गीत. तयार तांबड्या पेशीत केंद्रकही नसते आणि गॉल्गीही नसते. हे काम ती अस्थिमज्जेत वाढत असतानाच उरकलेले असते.

आता पायाच घातला गेला नाही तर? १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, की ते नेहमीच्या कोणत्याच गटात बसेना. तपासणीत ते 'ओ' सारखे वाटे, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही त्याचे जुळेना. फ्यूकोज जोडणारे गॉल्गीतले विकर ह्या माणसांत निकामी असते, म्हणून पायाच नाही. हाच तो 'बॉम्बे रक्तगट'. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा तो असतो. अशा माणसाला अपघात झाला तर त्याच गटाचे रक्त शोधावे लागते. चुकून 'ओ' गटाचे दिले तर जीव जाऊ शकतो. एका साखरेच्या रेणूची ही किंमत!

पत्ता हरवला तर

साखर नुसती ओळख नसते. कधी कधी ती पत्ताही असते. पेशीत लयकारिका नावाच्या लहान पिशव्या असतात. पेशीतला केरकचरा त्यांतली विकरे फोडून टाकतात. ही विकरेही जालिकेतच बनतात आणि गॉल्गीतूनच जातात. मग ती पेशीबाहेर न जाता लयकारिकेतच कशी पोचतात?

१९६७ साली एका दुर्मीळ बालरोगाचे वर्णन झाले. मूल जन्मते, पण काही महिन्यांतच त्याची वाढ खुंटते, सांधे आखडतात, हाडे वेडीवाकडी होतात. बहुतेक मुले दहा वर्षांचीही होत नाहीत. त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर न फुटलेल्या केरकचऱ्याने गच्च भरलेल्या दिसतात. ह्यावरून त्याला 'आय-सेल रोग' म्हणतात. नवल असे, की कचरा फोडणारी विकरे ह्या मुलांत बनतात. पण ती सापडतात रक्तात! लयकारिकेचा माल सगळा बाहेर गेलेला.

एलिझाबेथ नॉयफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७२ साली एक साधी तुलना केली. निरोगी पेशींनी बाहेर टाकलेली विकरे रोगी पेशींना दिली, तर त्या ती आत घेऊन वापरतात. उलट रोगी पेशींची विकरे निरोगी पेशींना दिली, तर त्या ती घेत नाहीत. म्हणजे दोष घेणाऱ्यात नाही. मालावर जी खूण हवी तीच नाही. ही खूण म्हणजे मॅनोज साखरेला जोडलेला फॉस्फेट गट, हे १९७७ साली कळले. गॉल्गीतले एक विकर ह्या खुणेची सुरुवात करते. आय-सेल रोगात तेच विकर नसते. पत्र लिहिलेले आहे, पाकीट आहे, पण पत्ता नाही.

ह्या ज्ञानाचा उपयोगही झाला. पॉम्पे नावाच्या आजारात लयकारिकेतले एकच विकर कमी असते आणि हृदय व स्नायू निकामी होत जातात. २००६ साली ह्या आजारावर पहिले औषध मान्य झाले. ते म्हणजे तेच विकर, मॅनोज-फॉस्फेटचा पत्ता असलेले, शिरेतून दिलेले. पेशी पत्ता वाचते आणि ते योग्य ठिकाणी नेऊन ठेवते.

दोन हजार वर्षांचा प्रवास

आता वाहतूक. माल जातो पुटिकांतून. साठ-सत्तर नॅनोमीटर व्यासाचा बुडबुडा एका पडद्यावरून फुगून सुटतो आणि दुसऱ्या पडद्यात मिसळतो. फुगा ओढून काढण्यासाठी पडद्यावर प्रथिनांचे एक कवच चढते.

सुटलेली पुटिका आपोआप वाहत जाऊन इच्छित स्थळी पोचेल का? येथे मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. साठ नॅनोमीटरच्या कणाचा पाण्यातला विसरण गुणांक येतो सेकंदाला सुमारे ७ चौरस मायक्रोमीटर. अंतर दुप्पट झाले की विसरणाला वेळ चौपट लागतो. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूची लांबी एक मीटर धरली, तर नुसत्या विसरणाने तेवढे अंतर काटायला लागतील दोन हजार वर्षांहून अधिक! सम्राट अशोकानंतर थोड्याच काळाने निघालेली पुटिका आता कुठे पोचली असती.

प्रत्यक्षात हा प्रवास काही दिवसांत होतो. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून पुटिका ओढणारी चालक प्रथिने असतात. किनेसिन हे त्यांपैकी एक. ते अक्षरशः पावले टाकते. एक पाऊल आठ नॅनोमीटरचे आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च. एक मीटर जायला साडेबारा कोटी पावले! डायनिन हे दुसरे चालक उलट दिशेने, पेशीच्या मध्याकडे, ओढते. जालिकेतून निघालेला माल केंद्रकाजवळच्या गॉल्गीकडे तेच आणते, आणि गॉल्गीच्या चळतीही केंद्रकाजवळ गोळा करून ठेवते.

टपाल पकडणारे हात

रूळ स्थानकापर्यंत नेतात. पण गॉल्गीच्या आठ-आठ पिशव्यांपैकी नेमकी कोणती आपली, हे पुटिकेला कसे कळते?

जेम्स रॉथमन ह्यांनी हा प्रश्न पेशीबाहेर, परीक्षानळीत आणला. त्यांची पहिली पदवी पदार्थविज्ञानातली, हे सांगताना मला थोडा आनंद होतो. त्यांनी १९८४ साली दोन प्रकारच्या पेशींमधले गॉल्गी वेगळे काढले. पहिल्या प्रकारात एका विषाणूचे प्रथिन भरलेले होते, पण त्यावर एक विशिष्ट साखर बसवणारे विकर नव्हते. दुसऱ्यात विकर होते, पण ते प्रथिन नव्हते. दोन्ही एकत्र करून त्यांत पेशीद्रव, एटीपी आणि किरणोत्सारी साखर घातली. प्रथिनावर साखर बसली! म्हणजे माल एका गॉल्गीतून दुसऱ्यापर्यंत गेला. पेशी मोडली असतानाही यंत्र चालू होते. मग एकेक घटक काढून पाहायचा: कशावाचून काम अडते? अशा रीतीने वाहतुकीची प्रथिने एकामागून एक हाती लागली. तिकडे रँडी शेकमन यीस्टच्या पेशींत जनुके बिघडवून तोच शोध घेत होते. दोघांना, टॉमस झ्यूडहोफ ह्यांच्यासह, २०१३ साली नोबेल मिळाले.

शेवटी पडदे जोडणाऱ्या प्रथिनांना 'स्नेअर' म्हणतात. एक पुटिकेवर, दुसरी समोरच्या पडद्यावर. ती दोरखंडासारखी एकमेकींना पीळ घालतात आणि पडदे जवळ ओढून एक करतात. मज्जातंतूच्या टोकाशी हेच होते. धनुर्वाताचे विष नेमके असेच एक स्नेअर प्रथिन कापते आणि स्नायू सैल करण्याचा निरोप थांबतो. धनुर्वाताची लस आपण टोचून घेतो ती ह्याच कात्रीपासून बचाव म्हणून.

पण स्नेअर अगदी जवळ आल्यावरच कामाची. त्याआधी लांबून पुटिका पकडणारे कोणी तरी हवे. हे काम 'गॉल्जिन' नावाच्या प्रथिनांचे. सुताच्या दोन धाग्यांना पीळ द्यावा तशी त्यांची रचना असते. त्यांचे एक टोक गॉल्गीच्या पडद्याला बांधलेले आणि दुसरे पेशीद्रवात लांबवर पसरलेले. पुटिका साठ नॅनोमीटरची, तर हा हात शंभर-दोनशे नॅनोमीटरचा. विहिरीच्या काठावरून गळ टाकावा, तसा.

हे खरे कशावरून? केंब्रिज येथे मी वाँग व शॉन मन्रो ह्यांनी २०१४ साली एक खोडकर म्हणावा असा प्रयोग प्रसिद्ध केला. गॉल्जिनचे बांधलेले टोक बदलून त्यांनी ते तंतुकणिकेला चिकटवले. तंतुकणिकेचा ह्या टपालाशी काही संबंध नाही. ती पेशीची ऊर्जाघरे. पण आता गॉल्गीकडे निघालेल्या पुटिका तंतुकणिकेभोवती जमा झाल्या! शिवाय वेगवेगळ्या गॉल्जिनने वेगवेगळ्या प्रकारच्या पुटिका पकडल्या. टपालपेटी उचलून शेजारच्या दारात लावली तर पत्रे शेजारच्या दारात पडतात. पत्ता पेटीत असतो हे सिद्ध झाले.

आणि पेटीच नसली तर? जीमॅप-२१० हे त्यांपैकी एक गॉल्जिन. त्याचे जनुक बिघडले तर अर्भकाचा सांगाडा धड तयारच होत नाही आणि ते जन्माआधी वा जन्मानंतर लवकरच दगावते, हे २०१० साली समजले. हे जनुक सगळ्याच पेशींत असते. मग फटका हाडांनाच का? कूर्चेच्या पेशींना फार मोठ्या प्रमाणावर माल बाहेर पाठवून सांगाड्याचा साचा उभारावा लागतो. रहदारी जेथे सर्वांत जास्त, तेथे एक पूल कोसळला तरी सारे ठप्प होते.

चळत कोण सावरते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. १९९५ साली ग्रॅहम वॉरन ह्यांच्या प्रयोगशाळेने 'जीएम-१३०' हे गॉल्जिन शोधले आणि १९९७ साली त्याला धरून बसणारे 'ग्रास्प-६५'. ह्या आद्याक्षरांतून झालेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी 'घट्ट धरणे'. एका पिशवीवरचे ग्रास्प समोरच्या पिशवीवरच्या ग्रास्पला धरते, फुगडीत हात धरावेत तसे. परीक्षानळीत गॉल्गीचे तुकडे पुन्हा चळत बांधत असताना ग्रास्पला प्रतिपिंडांनी झाकून टाकले, तर चळत बांधलीच जात नाही.

पेशीचे विभाजन होताना तर हे हात मुद्दाम सोडवले जातात. एक विकर ग्रास्प आणि जीएम-१३० ह्यांना फॉस्फेट गट जोडते, पकड सुटते आणि चळतीचे बारीक तुकडे होतात. दोन्ही कन्यापेशींत ते वाटले जातात, फॉस्फेट निघून जाते आणि चळती पुन्हा उभ्या राहतात.

उत्तर मिळाले, असे वाटून मी पुस्तक मिटणार होतो. पण पुढे वाचले तर गोष्ट इतकी सोपी नव्हती. २०१७ साली एका प्रयोगशाळेने ग्रास्पची दोन्ही जनुके काढून टाकली तर चळती विस्कटल्या. २०२१ साली दुसऱ्या प्रयोगशाळेने तीच प्रथिने पेशीत झटपट नष्ट केली, तर चळती बहुतांशी टिकल्या. एका चळतीला दुसऱ्या चळतीशी जोडणारे दुवे मात्र तुटले. वनस्पतींमध्ये ग्रास्प नसतेच, तरी चळती असतात. पावाच्या यीस्टमध्ये तर पिशव्या सुट्याच फिरतात आणि त्याचे काही अडत नाही! म्हणजे चळत धरणारे हात एकाहून अधिक असले पाहिजेत.

त्याहून नवल म्हणजे चळत स्थिर नाही. कोलॅजनचे दांडे ३०० नॅनोमीटर लांबीचे असतात. साध्या पुटिकेत ते मावत नाहीत. तरी ते गॉल्गीतून पार होतात, आणि पिशवीतून बाहेर न पडता होतात, हे १९९८ साली दिसून आले. मग पिशवीच पुढे सरकत असली पाहिजे. २००६ साली दोन प्रयोगशाळांनी यीस्टच्या सुट्या पिशव्यांवर नजर ठेवली. पहिल्या टप्प्याची खूण असलेली पिशवी मिनिटागणिक बदलत शेवटच्या टप्प्याची होताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. म्हणजे चळतीत एका बाजूने नवी पिशवी येते, मधल्या परिपक्व होत जातात आणि शेवटची विरून जाते. विकरे मात्र पुटिकांतून मागे आणली जातात. आपण जिला पोळ्यांची चळत समजत होतो, ती निघाली पालखीची वाट! माणसे पुढे जातात, वाट तीच दिसते.

मग चळत हवीच कशाला? २०१३ सालचा एक प्रयोग ह्याचे चांगले उत्तर देतो. ग्रास्प कमी केल्यावर प्रथिनांची वाहतूक मंदावेल असे कोणालाही वाटेल. ती उलट वेगाने झाली! पण साखरेच्या साखळ्या अर्धवट राहिल्या आणि लयकारिकेचा माल चुकून बाहेर गेला. चळत वाहतुकीला थोपवते, एकेका मेजावर थांबायला लावते. काम घाईने नव्हे, नीट व्हावे म्हणून ती आहे.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, नक्की कोण धरतं, ते अजून पूर्ण ठरलेलं नाही?"

"नाही."

तिने वहीत आपला प्रश्न पुन्हा एकदा लिहिला आणि त्याखाली रेघ न मारता जागा सोडली.

सोडवून पाहा

विसरणाला लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची दुप्पट. गुणांक ७ धरून, २० मायक्रोमीटर रुंदीची पेशी ओलांडायला पुटिकेला पाण्यात किती वेळ लागेल? (उत्तर: सुमारे २९ सेकंद.) आता पेशीद्रवात विसरण दहापट मंद होते असे समजून पुन्हा गणित करा. लहान पेशीचे काही काळ रुळांवाचून भागू शकेल, पण लांब मज्जापेशीचे मुळीच भागणार नाही, असे का, ते आपल्या शिक्षकांशी बोलून ठरवा.